पाणीसुद्धा विचारलं नाही

घराचा प्रकार

"बंगला, फ्लॅट, फार्महाऊस की इतर?" शलाकाने मोबाइलमध्ये बघत विचारलं.

संजीवनी शेलार एका मोरपंखी साडीला फॉल लावत होती. दातांत धरलेली सुई काढून ती म्हणाली, "इतर लिही. दोन खोल्या नि किचन, त्यात चार माणसं, एक शिलाई मशीन आणि लोकांच्या बावीस साड्या. ह्याला काय म्हणतात ते तुझ्या ऑफिसात विचार कुणाला तरी."

शलाकाने 'फ्लॅट'वर बोट टेकवलं.

फ्लॅट अंबरनाथच्या बुवापाड्यातला, दुसऱ्या मजल्यावरचा. त्यात राहणारी चार माणसं म्हणजे फॉल-पिको करणारी संजीवनी, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर उभा राहणारा तिचा नवरा बाळाजी, ऐरोलीला नोकरी करणारी लेक शलाका, आणि बाळाजीची आई बनूबाई. बनूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, असं त्या सहा वर्षं सांगत होत्या.

शलाकाच्या ऑफिसातल्या कुणी तरी तिला ही वेबसाइट दाखवली होती. आपण आपलं घर टाकायचं, दुसरा त्याचं टाकतो. ठरलेल्या दिवसांत आपण त्यांच्या घरी राहायचं, ते आपल्या. भाडं नाही, काही नाही. हे ऐकून बनूबाई म्हणाल्या होत्या, "म्हंजी आपुन त्यांच्यात आन् ते आपल्यात? आन् दोन्ही घरात घरचं कोणच न्हाई? मग जायाचं तरी कुणाकडं?"

कुणाकडंच नाही. संजीवनीच्या मनाने नेमकं तेच धरलं.

तिच्या सुट्ट्या कशा जात ते सांगायला हवं. मे महिन्यात साताऱ्याकडे गावी, म्हणजे चौदा माणसांचा स्वयंपाक. दिवाळीत बदलापूरला बहिणीकडे. बहीण दारातच पाण्याचा पेला पुढे करायची, आणि पेला रिकामा झाला रे झाला की संजीवनी तिच्या मागोमाग ओट्याशी जाऊन पोळ्या लाटायला घ्यायची, कारण नुसतं बसून राहायचं कसं. उरलेल्या वर्षभर पेला भरून दाराशी न्यायचं काम तिच्याकडे. साडीवाल्या बायका यायच्या, गावची माणसं दवाखान्याच्या कामाला यायची, बाळाजीचे मित्र यायचे. तिचं आपलं मत झालं होतं की जगातली सगळी कामं त्या एका पाण्याच्या पेल्यापासून सुरू होतात. पाणी झालं की चहा, चहा झाला की "जेवूनच जा", जेवण झालं की अंथरुणं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत असा एक दिवस तिला आठवत नव्हता की ज्या दिवशी तिने कुणाला पाणी विचारलं नाही, किंवा तिला कुणी विचारलं नाही.

"चार दिवस," ती शलाकाला म्हणाली. "मी कुणाची पाहुणी नाही, माझा कुणी पाहुणा नाही. एवढंच पाहिजे मला."

"तसा रकाना नाहीये आई."

"मग समुद्र लिही."

जवळची प्रेक्षणीय स्थळं

फर्स्ट शिफ्ट करून आलेला बाळाजी बूट काढता काढता म्हणाला, एमआयडीसी लिहा, अंधार पडला की लायटिंग झकास दिसतं. शलाकाने ते न ऐकता शिवमंदिर लिहिलं, हजार वर्षांचं, सगळं कोरीव दगडाचं.

"उल्हासनगर लिही," संजीवनी म्हणाली.

"आई, उल्हासनगरमध्ये काय प्रेक्षणीय आहे?"

"साडीच्या दुकानात बसलेली बाई कधी बघितलीस? सकाळी बसते ती दुपारपर्यंत नुसती बघतच असते. प्रेक्षणीय म्हणजे अजून काय असतं?"

मग तिने सांगितलं आणि शलाकाने लिहून घेतलं. रिक्षाने गेलात की कॅम्प पाचपासून कॅम्प एकपर्यंत काय म्हणाल ते मिळतं. शालू, ड्रेसपीस, जीन्स, पलंग, कपाटं, वाढायची भांडी. दुकानदार सिंधी, तीस साड्या उलगडून दाखवतील, आणि एकही न घेता उठलात तरी "भाभी, देखने का पैसा नहीं है" म्हणून वर चहा पाजतील.

"आणि बदलापूर?"

"तिथं माझी बहीण आहे."

हे शलाकाने लिहिलं नाही.

घरात काय नाही

समुद्र. लिफ्ट. दुपारचं पाणी.

आलेले प्रस्ताव

तीन आठवडे एकही नाही. बाळाजी रोज कामावरून आला की विचारायचा, पॅरिसवाले काय म्हणतात. डिसेंबर अर्धा सरला तेव्हा हा मेसेज आला:

*नमस्कार. मी सुरुची साळवी. आमचं घर गुहागरच्या जवळ आहे, परसदारातून समुद्र दिसतो. माझ्या मुलीचं, चैत्रालीचं, वैशाखात लग्न आहे. खरेदीला उल्हासनगरला यायचं आहे. तिकडे आमचे नातेवाईक आहेत पण ते नको आहेत. सव्वीस जानेवारीला जोडून शुक्रवार ते सोमवार जमेल का?*

'नातेवाईक आहेत पण ते नको आहेत' हे वाक्य संजीवनीने दोनदा वाचलं. बाई न बघताच तिला आवडली.

येणाऱ्यांसाठी सूचना

एक पान पुरे, असं शलाका म्हणाली होती. संजीवनीने पान लिहायला घेतलं आणि तिच्या लक्षात आलं की घरातली एकेक वस्तू नुसती वस्तू नाही, तिला स्वभाव आहे, आणि तो नव्या माणसाला कळायला वर्ष लागेल. तिने पान फाडलं आणि चिठ्ठ्या लिहून जिथल्या तिथे चिकटवल्या.

गॅसवर: *डावा बर्नर लायटरने पेटत नाही, काडीने पेटतो. त्याला घाई केलेली चालत नाही.*

मोरीतल्या नळावर: *पाणी सकाळी पावणेसहाला येतं, सातला जातं. आधी निळा पिंप भरा, मग बादल्या.*

फ्रिजवर: *दार गुडघ्याने लावा.*

खिडकीवर: *कबुतर येतं. हाकलू नका असं सासूबाई म्हणतात. हाकला असं मी म्हणते.*

मशीनवर: *वापरलं तरी चालेल. सुई नवी घातली आहे.*

दाराच्या आतल्या बाजूला: *साडी घेऊन कुणी बाई आली तर मंगळवारी या म्हणून सांगा. त्या ऐकणार नाहीत. तरी सांगा.*

डब्यावर: *हे लाडू तुमच्यासाठी.* त्याच्या शेजारच्या डब्यावर: *हे पण.* त्याच्या वरच्यावर: *हे पण.*

एकतीस चिठ्ठ्या झाल्या. बत्तिसावी बाळाजीने स्वतः लिहून आपल्या खुर्चीला लावली: *ही बाळाजीची खुर्ची आहे. खुशाल बसा.*

त्या आठवड्यात माळे उतरवले गेले, पडदे धुतले गेले, पंख्याची पाती पुसली गेली. बनूबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, म्हणून पलंगाखालूनही झाडून झालं. बाळाजीने विचारलं, आपण सुट्टीला चाललोय का घराचं लग्न काढलंय. त्यावर त्याला ट्यूबलाइट पुसायला स्टुलावर चढवण्यात आलं.

घर केव्हा रिकामं होईल

शुक्रवार, सकाळी सहा. शलाकाने साळव्यांना हे दोनदा कळवलं होतं, त्यांनीही 'ओके' पाठवलं होतं. इकडची किल्ली तळमजल्यावरच्या जनीमावशींकडे, तिकडची किल्ली साळव्यांच्या वाडीतल्या दुकानदाराकडे. आपण सहाला निघायचं, त्यांनी सहाला निघायचं. वाटेत कुठे तरी एकमेकांच्या गाड्या एकमेकांना ओलांडून जातील आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, असा सगळा बेत.

शुक्रवारी साडेपाचला शलाका उठली तेव्हा घरात खमंग वास सुटला होता. ओट्यावर पातेलंभर मसालेभात, भरली वांगी आणि कोशिंबीर.

"हे कुणासाठी?"

"येणाऱ्यांसाठी."

"आई, ते दुपारी तीनला येणार. आपण आत्ता निघतोय."

संजीवनीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने चप्पल घालून देवघरात जाऊ का असं विचारलं. "माणसं सात-आठ तास प्रवास करून यायची आणि दाराला कुलूप? त्यांना घर दाखवू, पाणी देऊ, जेवायला वाढू आणि मग निघू. किती वेळ लागतो?"

"मग आपण पोचायचं कधी?"

"पोचू की."

शलाकाने वडिलांकडे पाहिलं. बाळाजीने मित्राची इको गाडी मागून आणली होती आणि ती इमारतीच्या दाराशी उभी होती. पण अठ्ठावीस वर्षांचा अनुभव त्याच्या गाठीला होता. तो मसालेभात बशीत घेऊन आपल्या खुर्चीत, चिठ्ठीवर, बसला.

आठ वाजले. नऊ वाजले. पिशव्या दाराशी रांगेत होत्या. बनूबाई नवी चप्पल घालून पलंगावर बसल्या होत्या, कारण चप्पल एकदा घातली की निघेपर्यंत काढायची नसते. दहाला जनीमावशी वर आल्या. ही इमारत उभी आहे ती जागा म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचं भातशेत, त्यामुळे जिन्याने वर येताना आपण बांधावरून चाललोय अशीच त्यांची चाल असायची.

"अजून गेलं नाय तुमी?" त्यांनी विचारलं. संजीवनीने कारण सांगितल्यावर मान हलवत म्हणाल्या, "किल्ली माझ्याजवल ठेव आन् जा. मी देतंय त्यांना पानी."

"तुम्ही द्याल हो मावशी, पण घर माझं ना."

साडेदहाला तिने फोन लावला.

"सुरुचीताई, कुठपर्यंत आलात?"

"कुठपर्यंत म्हणजे? घरीच आहे," पलीकडून आवाज आला. "तुम्ही कुठपर्यंत आलात? चिपळूण गेलं का? मी आंबोळ्यांचं पीठ तयार ठेवलंय. म्हटलं, तुम्ही आलात की तव्यावर गरम गरम घालीन."

"मी मसालेभात केलाय," संजीवनी म्हणाली.

"म्हणजे तुम्ही निघालाच नाहीत?"

"तुम्ही पण नाही?"

"कसं निघणार हो? तुम्ही एवढ्या लांबून यायचं आणि दाराला टाळं?"

शलाकाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाळाजी हसला आणि त्याला ठसका लागला. बनूबाईंनी त्याची पाठ थोपटली, पण त्या स्वतः हसल्या नाहीत. त्यांना ह्यात चुकीचं काही दिसत नव्हतं. दोन्ही बायका रीतीनेच वागल्या होत्या.

पुढची दहा मिनिटं आग्रहात गेली. तुम्ही या, जेवा, मग आम्ही निघू. छे छे, आधी तुम्ही या, विसावा, मग आम्ही निघतो. तुमची लग्नाची खरेदी आहे, तुमचा वेळ मोलाचा. तुमची वर्षाची सुट्टी आहे, तुमचाच मोलाचा. पंगतीत दोन विहिणी एकमेकींच्या पानात जिलबी वाढत राहतात, तसं ते थांबेचना. शेवटी शलाकाने फोन स्पीकरवर टाकला.

"काकू, ऐका. आई, तू पण ऐक. दोघींतली जी आधी निघेल ती पाहुणी होणार, आणि जी मागे राहील तिला पाहुणचार करावा लागणार. मग ही अदलाबदल राहिलीच कुठे? नुसतं एकमेकांकडे जाणं झालं."

हे संजीवनीच्या आत कुठे तरी जाऊन लागलं. तिला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. संध्याकाळी सहाला आपण पोचलोय, दारात सुरुची पेला घेऊन उभी आहे, पाणी पिऊन आपण तिच्या मागोमाग आत गेलोय आणि तिच्या तव्यावरच्या आंबोळ्या उलटतोय. अंधारात साळव्यांना निघता येत नाही, म्हणून ते राहतात. शनिवारी सकाळी त्यांना डबा करून द्यायचा. चारातले दोन दिवस तिथेच गेले. आणि हे दुसऱ्या कुणी केलेलं नव्हतं, पहाटे चारला उठून तिनेच शिजवलं होतं.

ती दाराशी ठेवलेल्या पिशवीवर बसली. आत कपडे होते, नाही तर पिशवीने तिचं वजन झेललं नसतं. फोनकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली,

"सुरुचीताई, राग मानू नका. मला तुमच्याकडं पाहुणी म्हणून यायचं नाहीये."

शलाकाचे डोळे मोठे झाले.

"मला कुणी पाणी विचारलेलं नको आहे," संजीवनी म्हणाली. "चार दिवस तरी. त्यासाठीच तर हे सगळं केलं."

सुरुची म्हणाली, "अहो, मग मी काय वेगळं मागत होते? लग्नघर आहे माझं. रोज दहा माणसं येतात. काय घेतलं, केवढ्याला घेतलं, दाखव बघू. मला चार दिवस कुणाला दार उघडायचं नाहीये. जाते, साड्या बघते, येते, पाय पसरून बसते. बास."

"आणि तरी आंबोळ्या भिजवल्या."

"तुम्ही तरी मसालेभात केलातच की."

दोघी हसल्या. फोनच्या दोन्ही टोकांना घरं भरून लोक होते, पण हसणाऱ्या दोघीच.

"पण टाळं लावायला हात होत नाही हो," सुरुची म्हणाली.

"माझा पण नाही."

आणि गाडी पुन्हा तिथेच अडकली. दोघींना जायचं होतं, दोघींना समोरचीने यावं असं वाटत होतं, आणि मध्ये होतं ते एक कुलूप, जे अजून लागलेलंही नव्हतं.

विशेष मदत किंवा सोयी (असल्यास)

"निम्म्या वाटंवर," बनूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी पलंगाकडे पाहिलं.

बनूबाईंनी नवी चप्पल एकमेकीवर आपटून धूळ झटकली. चप्पल आजच घातली होती, तिच्यावर धूळ नव्हती. मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर आणि सासर ह्यांत अकरा मैलांचं अंतर. सणाला लेक माहेरी न्यायची तर बापाने तिच्या सासरी जायचं नाही, कारण गेला की सासरच्यांना गोडाधोडाचं करावं लागतं, आणि दुष्काळात कुणाच्या घरात गोडधोड असायचं. सासऱ्याने सून पोचवायला तिच्या माहेरी जायचं नाही, कारण तेच. म्हणून वाटेत ओढ्याकाठी एक म्हसोबा होता. सासरा सुनेला घेऊन म्हसोबापर्यंत यायचा, बाप इकडून यायचा. तिथेच दोघं भाकरी सोडायचे, ह्याची भाकरी त्याने खायची, त्याची ह्याने, आणि मग बाप लेकीला घेऊन, सासरा एकटा, आपापल्या वाटेने परत.

"ह्याचा पाहुनचार त्याच्यावर न्हाई, त्याचा ह्याच्यावर न्हाई. आन् कुनी कमी केला असं बी न्हाई," बनूबाई म्हणाल्या. "तुमी दोघी एकदम निगा. वाटंत भेटा. किल्ली हातात घ्या. ज्याच्या हातात किल्ली त्येचं घर. आपल्याच घराला कुलूप असलं तर वाईट कुणाला वाटतंय?"

फोनमधून पुरुषाचा आवाज आला. सुरुचीचे यजमान, जयदेव. "आजी, महाडच्या अलीकडे रस्त्याला लागून मारुतीचं देऊळ आहे. म्हसोबा नाही, पण चालेल का?"

"चालंल," बनूबाई म्हणाल्या. "दोघं बी जागंचंच देव."

सव्वाअकराला संजीवनीने दाराला कुलूप लावलं. एकदा ओढून पाहिलं, नेहमीसारखं. जनीमावशी जिन्यात उभ्या होत्या. ही किल्ली आता त्यांच्याकडे राहणार नव्हती, ह्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी बजावलं की नवीन माणसं आली की मी बघीन, पण पानी नाय विचारनार, तुझी तशी इच्छा हाय तर.

किल्ली कुठे मिळेल

मारुतीच्या देवळापाशी, दुपारी पावणेचारला.

आंब्याखाली पांढरी गाडी आधीच उभी होती. सुरुची साळवी संजीवनीच्याच वयाची, अंगाने बारीक, पायांत कॅनव्हासचे बूट. दुकानं पालथी घालायच्या तयारीनेच निघाली होती. जयदेव उंच आणि गप्प. चैत्रालीच्या हातात वही होती, तिच्यात साड्यांची चित्रं.

इकोमधून संजीवनी उतरली. दोघी समोरासमोर आल्या, आणि दोघींनी एकाच वेळी पाण्याची बाटली पुढे केली.

मग संजीवनीने सुरुचीची बाटली घेतली, सुरुचीने संजीवनीची, आणि दोघी देवळाच्या पायरीवर बसून पाणी प्यायल्या.

"हे शेवटचं," सुरुची म्हणाली.

"हे शेवटचं."

मग किल्ल्यांचा प्रश्न आला. मागंपुढं न्हाई, एकदम, असा बनूबाईंचा हुकूम. दोघींनी उजव्या हातात किल्ली धरून हात पुढे केला, आणि घ्यायचं कशाने ते कळेना, कारण घरासारखी वस्तू डाव्या हाताने कशी घ्यायची. बनूबाईंनी निवाडा केला. दोन्ही किल्ल्या मारुतीच्या पायरीवर ठेवायच्या आणि मग एकमेकींच्या उचलायच्या. तसं झालं. साळव्यांच्या किल्लीला नारळाच्या करवंटीचा गोल तुकडा अडकवलेला होता, शेलारांच्या किल्लीला मशीनची रिकामी बॉबिन.

"ह्यात मुलीकडचे कोण नि मुलाकडचे कोण?" जयदेवांनी तेवढं एक वाक्य बोलून घेतलं.

"मुलीकडचे तुम्हीच," बाळाजी म्हणाला. "आम्हाला अजून वेळ आहे."

शलाकाने आभाळाकडे बघितलं.

पुढचा अर्धा तास जेवणाचा. डबे उघडले गेले. मसालेभात साळव्यांच्या पानात, आंबोळ्या शेलारांच्या. घ्या हो, अजून एक, नाही नाही, मग काय घेतलंत तुम्ही, असं सगळं जे दोन दिवस दोन घरांत चाललं असतं ते त्या आंब्याखाली अर्ध्या तासात उरकलं. कुणी कुणाचं देणं लागलं नाही. संजीवनी डावा बर्नर, निळा पिंप आणि कबुतर ह्यांबद्दल तोंडी सांगू लागली तेव्हा सुरुचीने तिचा हात धरला.

"लिहिलंय ना तुम्ही?"

"एकतीस चिठ्ठ्या."

"माझ्या चाळीस आहेत. तिकडे वाचा."

पांढरी गाडी मुंबईच्या बाजूला गेली, इको गुहागरच्या. संजीवनीने मागे वळून पाहिलं नाही. मागे बनूबाई झोपल्या होत्या, चप्पल पायातच.

आगमन

दिवेलागण होऊन गेल्यावर पोचले. कौलारू, पुढे पडवी, दाराला कुलूप.

संजीवनी त्या कुलपासमोर जरा वेळ थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ती परक्या घरी आली होती आणि दारात कुणी नव्हतं. वाईट वाटतंय का ते तिने तपासून पाहिलं. वाटत नव्हतं. करवंटीची किल्ली तिने फिरवली आणि दार ढकललं.

घरभर चिठ्ठ्या. दाराच्या कडीवर: *ही वर उचलून मग ओढा.* विजेच्या बटणावर: *हे कशाचंच नाही, सोडून द्या.* कपाटावर: *मांजर आत जाऊन बसतं, त्याला विचारून लावा.* परसदाराच्या चौकटीवर: *समुद्र इकडे.*

स्वयंपाकघरात मातीचा माठ होता, त्यावर झाकण, झाकणावर पेला पालथा. संजीवनीने चिठ्ठी शोधली. माठावर नव्हती, मागे नव्हती, पेल्याखाली नव्हती. ज्या बाईने कशाचंच नसलेल्या बटणाला चिठ्ठी लावली होती, तिने घराबाहेर पडण्याआधी माठावरची चिठ्ठी काढून घेतली होती. डिंकाचा ओलसर डाग अजून तिथे होता.

संजीवनी पेला भरून पाणी प्यायली. मग आणखी अर्धा पेला प्यायली. आणि परसदारी जाऊन पायरीवर बसली. समोर समुद्र होता, अंधारात नुसता आवाजाचा.

पडवीतून बाळाजीची हाक आली. "संजू, जरा पाणी आण गं."

ती जागची हलली नाही. पाय आणखी लांब पसरून तिने उत्तर दिलं.

"घ्या की आत जाऊन. लाजायचं नाही. घर आपलंच आहे."

आतून बरंच खुडबुडणं ऐकू आलं. बाळाजी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत माठ शोधत होता. मधेच कपाटातलं मांजर ओरडलं. मग बनूबाईंचा आवाज आला, मला बी आन रं, आणि शलाकाचा, बाबा, मला पण. बाळाजीने तीन पेले भरले. नंतर तो चौथा भरून परसदारी आला आणि तोंड उघडून काही विचारणार, एवढ्यात शहाणपण सुचून गप्प राहिला. पेला तिच्या शेजारी पायरीवर ठेवला आणि स्वतःही बसला.

यजमानांबद्दल तुमचं मत

सोमवारी दुपारी, निघायच्या आधी, शलाकाने फॉर्मचा शेवटचा भाग काढला.

रविवारी सुरुचीचा मेसेज येऊन गेला होता. शालू घेतला, आंबा रंगाचा. तीस साड्या बघून उठलो तरी खरंच चहा पाजला. घरी दोन बायका साडी घेऊन आल्या, मंगळवारी या म्हटलं, ऐकल्या नाहीत. एकीला फारच घाई होती, तिचा फॉल मीच लावून दिला, मशीन छान आहे. तळमजल्यावरच्या मावशी तीनदा येऊन गेल्या आणि तिन्ही वेळा पाणी न विचारता परत गेल्या, त्यांना काही त्रास आहे का?

"काय लिहू?" शलाकाने विचारलं. "घर कसं होतं, स्वागत कसं झालं, पाहुणचार कसा होता. पाचपैकी किती तारे?"

संजीवनी माठ घासून, ताजं पाणी भरून ठेवत होती. झाकण ठेवलं. झाकणावर पेला पालथा घातला.

"लिही," ती म्हणाली, "घरात कुणी नव्हतं. कुणी यावं म्हणालं नाही, कुणी बसा म्हणालं नाही. चार दिवसांत पाणीसुद्धा विचारलं नाही."

"आई, लोकांना वाटेल तक्रार आहे."

"मग तारे बघतील की. पाच दे."